थेंबेबाईंचा एक मिलिमीटर

सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी थेंबेबाई एका पोलादी नळीच्या तोंडाखाली काचेची वाटी धरून थेंब मोजत होत्या. मिनिटाला सात. सहा पडले तर कुठेतरी गळतंय, आठ पडले तर पंप थापा मारतोय, असा त्यांचा नियम. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला की त्या पुन्हा एकपासून सुरुवात करत. सलग तीन मिनिटं सात-सात-सात आले तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली, एक कोरी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं: नवा कॉलम, नवी कंपनी, स्वभाव अजून माहीत नाही.

कॉलम म्हणजे ती पोलादी नळी. बोटभर लांब, पेन्सिलीएवढी जाड, आत पिठाहूनही कितीतरी बारीक पांढरी भुकटी ठासून भरलेली. भाजीचा अर्क एका टोकाने आत ढकलायचा. भाजीवर फवारलेली औषधं भुकटीतून वाट काढत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, पण सगळी एकदम नाही. कुणी दीड-पावणेदोन मिनिटांत निसटतं, कुणी आठ मिनिटं रेंगाळतं. शाळा सुटल्यावर सगळी पोरं एकाच वेळी फाटकात घुसली तर कोण कुणाचं ते ओळखता येत नाही. कॉलम त्यांना एकेक करून सोडतो. पलीकडे बसलेलं यंत्र प्रत्येकाला ओळखतं, मोजतं आणि पडद्यावर त्याच्या नावाचा एक सुळका काढतं. सुळका उंच आणि अणकुचीदार निघाला म्हणजे औषध शिस्तीत बाहेर पडलं.

बाईंचं खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि बहुधा फक्त तिथेच. बाविसाव्या वर्षी त्या या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या. धुतलेल्या काचेवरून पाणी सरळ पसरत उतरलं तर काच स्वच्छ, थेंब धरून बसलं तर पुन्हा धुवा, एवढंच त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. तेव्हापासून थेंबाकडे बघत राहायची जी सवय लागली ती लागलीच. बाटल्यांवरून भाजी वाटण्यावर आणि तिथून यंत्रावर सरकायला चौदा वर्षं गेली. यंत्र सांभाळणारे जुने मेकॅनिक निवृत्त होताना त्यांना तीन गोष्टी बजावून गेले: उलटा लावू नकोस, कोरडा ठेवू नकोस, आदळू नकोस. तान्ह्या नातवाबद्दल सांगावं त्या सुरात. थेंबेबाई हे नावही त्यांनीच पाडलेलं. पुढे एकदा मुख्य कार्यालयातून 'श्रीमती थेंबे' असं लिहिलेलं पाकीट आलं आणि बाईंनी ते निमूट सही करून घेतलं.

त्यांच्या हातातले कॉलम जास्त जगतात, हे प्रयोगशाळेत सगळे मान्य करतात. त्यामागे कसली जादू नाही. दिवसभर कॉलममधून किंचित क्षार घातलेलं पाणी फिरतं. ते रात्रभर आत राहिलं तर क्षार साचतो, शेवाळ धरतं. म्हणून शेवटचा नमुना झाला की बाई आधी क्षार धुऊन काढतात, मग कॉलम द्रावकाने भरतात, मग दोन्ही टोकांना बुचं. हे व्हायला चाळीस मिनिटं लागतात आणि या चाळीस मिनिटांत त्यांची सहाची बस चुकते. कॉलमच्या आधी नखाएवढी एक छोटी नळी असते, तिला गार्ड म्हणतात. भाजीचा रंग, मेण, चोथा, सगळी घाण ती अंगावर घेते. दर दोनशे फेऱ्यांनी बाई गार्ड बदलतात. एकशे नव्वदाव्या फेरीला कुणी आठवण केलीच तर त्याला "मला माहीत आहे" एवढं ऐकून परतावं लागतं.

आणि प्रत्येक कॉलमची एक वही असते. बाई तिला प्रगतिपुस्तक म्हणतात. रोजचा दाब, फेऱ्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'शांत', 'कुरकुर', 'टोमॅटोनंतर रुसला' असं काहीतरी. संपलेले कॉलम चिठ्ठ्या लावून एका खणात ठेवलेले आहेत. त्यातला एक खिडकीच्या तावदानात पाचर म्हणून गेली पाच वर्षं नोकरीवर आहे.

त्या गुरुवारी मात्र बाईंच्या शेऱ्यांना वेळ नव्हता. वर्षातून दोनदा बाहेरची एक संस्था सगळ्या प्रयोगशाळांना फरसबीच्या वाटणाची एकेक बरणी पाठवते. त्यात कुठलं औषध किती घातलंय ते फक्त संस्थेला ठाऊक. प्रयोगशाळांनी तपासून आकडे कळवायचे, परीक्षाच ती. मागच्या खेपेला ही प्रयोगशाळा मेथामिडोफॉस नावाच्या औषधात नापास झाली होती. कॉलममधून सगळ्यात आधी निसटणारं ते हेच. पुन्हा त्यातच नापास झाली तर ती तपासणी इथून काढून घेणार आणि दोन नंबरचं यंत्र, म्हणजे बाईंचं यंत्र, दुसऱ्या गावच्या मोठ्या प्रयोगशाळेत हलवणार, असं लेखी आलं होतं. मग बाईंपुढे दोनच वाटा: यंत्रामागोमाग बदली, नाहीतर परत बाटल्या. आकडे कळवायची मुदत त्या दिवशी दुपारी चारची. चार वाजता संस्थेचं संगणकावरचं पान आपोआप बंद होतं, आणि गयावया करायला पलीकडे कुणी बसलेलं नसतं.

घोडं इतकं अडलं ते जुन्या कॉलममुळे. सोमवारी त्याचा दाब चढला. मंगळवारी एकाच औषधाचे दोन-दोन सुळके दिसायला लागले आणि बाईंनी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'संपला' लिहून खाली तारीख घातली. दोन महिन्यांपूर्वी मागवलेला नवा बुधवारी संध्याकाळी सव्वापाचला आला. अकरा वर्षं एकाच कंपनीचे कॉलम यायचे. या वेळी खरेदी विभागाने दुसऱ्या कंपनीचा पाठवला होता. भुकटी तीच, माप तेच, असं पत्र सोबत होतं.

घरीही त्या सकाळी शांतता नव्हती. बाईंचे यजमान नळदुरुस्ती करतात. गावातले निम्मे नळ त्यांच्या हातचे आहेत आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला तेवढा टिपटिपत असतो. बुधवारी रात्री त्यांनी एकदाचा नवा नळ बसवला, पण पाइपाच्या टोकावरची पितळी रिंग जुनीच ठेवली. ही रिंग नट आवळताना पाइपाला चावून घट्ट बसते आणि एकदा बसली की हलत नाही. सकाळी साडेसहाला ओट्यावर पाण्याचं तळं होतं.

"अहो, एका नळावर बसलेली रिंग दुसऱ्या नळाला चालत नाही, हे मी सांगायचं तुम्हाला?"

"चालेल गं. दिवसभरात बसेल नीट."

"बसेल. आपण पुसत बसू."

एवढं बोलून त्या बसला गेल्या होत्या. सव्वासातला प्रयोगशाळेत पोचल्या, यंत्राच्या नळ्या धुऊन घेतल्या, खोक्यातून नवा कॉलम काढला, त्यावरच्या बाणाची दिशा दोनदा तपासली आणि गार्डकडून येणारी केसाएवढ्या भोकाची नळी त्याच्या तोंडात घालून नट आवळला. खोक्यात घडी घातलेला एक माहितीचा कागद होता. कॉलम कसा लावायचा ते आता कागद सांगणार, असं मनात म्हणत त्यांनी तो खोक्यातच राहू दिला.

पुढचं सगळं पुस्तकात असतं तसं झालं. पंप आधी अगदी हळू. कॉलमचं दुसरं टोक मोकळं ठेवलेलं, म्हणजे आतली सुरुवातीची घाण यंत्रात न जाता वाटीत पडेल. वीस-पंचवीस मिनिटांनी टोक पुसून यंत्राला जोडलं. मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवला, कारण एकदम दाब टाकला तर आतली भुकटी दबते आणि वर पोकळी पडते. पावणेनऊला दाब तीनशे आठवर येऊन उभा राहिला तो हललाच नाही. बाईंनी प्रत्येक जोडाभोवती टिपकागद फिरवला. कोरडा. त्यांनी लिहिलं: शांत.

नऊ वाजता दशांश यंत्राच्या खोलीत आला. हा चौतिशीतला रसायनतज्ज्ञ. अर्क काढणं आणि आकडेमोड त्याच्याकडे. बस साडेतीन मिनिटं उशिरा आली असं तो कधी म्हणत नाही, तीन दशांश पाच म्हणतो, म्हणून हे नाव. फरसबीचा अर्क त्याने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. आधी ठाऊक मापाचं मिश्रण यंत्रात सोडायचं, सुळके बरोबर आले की मग फरसबी, असं ठरलं. एका फेरीला अकरा मिनिटं.

साडेनऊला दोघं पडद्यासमोर उभे होते. मागून येणारे सुळके एकाहून एक देखणे. पहिले तीन मात्र बुडाशी पसरलेले, मागे लांब शेपूट. त्यातही सगळ्यात वाईट पहिलाच. मेथामिडोफॉस.

दशांशने रुंदी मोजली आणि शून्य दशांश एकवीस असं जाहीर केलं, जणू त्याने काही सुधारणार होतं. पुढचे अडीच तास त्याने एकामागून एक शक्यता तपासल्या. मिश्रणातलं द्रावक जास्त तीव्र असेल म्हणून पाणी घालून पातळ केलं, शेपूट तसंच. कॉलमच्या कपाटाचं तापमान वर-खाली करून पाहिलं, शेपूट तसंच. क्षाराचं पाणी ताजं बनवलं. शेवटी त्याने कंपनी बदलली की असंच व्हायचं असा निकाल दिला आणि कॉलम विकणाऱ्याला फोन लावला. विकणारा फार गोड बोलला. एखादा कॉलम निघतो तसा, परत पाठवा, चार दिवसांत दुसरा देतो म्हणाला.

चार दिवस आणि चार वाजता यातला फरक प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना कुणी समजावायची गरज नव्हती. मॅडम बाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान. आवाज चढवत नाहीत, चिडल्या की पेनाचं टोपण लावतात. सव्वाबाराला त्यांनी टोपण लावलं. म्हणाल्या, शेपटासकट सुळका मोजून आकडा कळवायचा, नाहीतर रकाना रिकामा सोडायचा, आणि रिकामा म्हणजे नापासच. दोन वाजता ठरवू. तोवर दशांशने विकणाऱ्याला तक्रारीचं पत्र लिहून ठेवावं.

बाईंना पत्राचं पटत नव्हतं, पण हातात काही नव्हतं. खोक्यात कारखान्यातल्या चाचणीचा आलेख होता, त्यावरचा पहिला सुळका सुईसारखा. कारखान्यातून निघताना शहाणा होता, इथे येऊन बिघडला, असा त्याचा अर्थ. पण इथे काय झालं होतं? थेंब सात, दाब तीनशे आठ, टिपकागद कोरडा. बाईंना यंत्राबद्दल जे जे विचारता येत होतं त्या सगळ्याचं उत्तर ठीक असंच येत होतं.

एकला दहा कमी असताना त्या जिन्यातल्या खिडकीपाशी डबा उघडून बसल्या. दुसरा घास तोंडात असताना यजमानांचा फोन आला. नळ झाला होता. पाइप बोटभर कापला, नवी रिंग घातली, आता ओटा वाळवंट आहे, असं त्यांनी सांगितलं. मग जे ते वर्षातून एखाद्या वेळी करतात तेही त्यांनी केलं, म्हणजे चूक कबूल केली.

"तुझं खरं होतं. रिंग जुन्या नळाच्या मापाने चावून बसलेली. गळत होता म्हणून कळलं तरी. उलटं झालं असतं ना, पाइप आत पुरेसा गेलाच नसता आणि तरी गळला नसता, तर आत पोकळी राहिली असती आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता."

बाईंचा घास तोंडातच थांबला.

"काय म्हणालात?"

"कुणाच्या बापाला…"

"त्याच्या आधीचं."

"आत पोकळी राहिली असती. का गं?"

उत्तर द्यायला बाई तिथे नव्हत्या. डबा खिडकीत उघडाच होता आणि फोन त्याच्या झाकणावर बोलत होता.

त्यांनी पंप थांबवला. दाब शून्यावर उतरेपर्यंत उभ्या राहिल्या, कारण त्या घाईतही दाबाखालचा नट सोडवणं त्यांच्या हातून झालं नसतं. मग नट काढून नळीचं टोक भिंगाखाली धरलं. नळीला एक शंकूच्या आकाराची पोलादी कडी चावून बसलेली होती, घरच्या पितळी रिंगेची मुंगीएवढी बहीण. अकरा वर्षांत त्यांनी किती कॉलम बदलले, पण ती नळी आणि ती कडी तीच राहिली. कंपनी एकच होती, प्रत्येक कॉलमचं भोक तेवढंच खोल होतं, कडी बरोबर बसायची, मग बदलायची कशाला? पट्टी लावली. कडीच्या पुढे नळी दोन मिलिमीटर. खोक्यातला तो कागद उलगडला. नव्या कंपनीच्या आकृतीत भोकाची खोली तीन.

एक मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यात मावेल एवढी जागा. औषधं आधी त्या पोकळीत शिरून गिरक्या घेत होती आणि मग भुकटीत जात होती. उशिरा निघणारी औषधं भुकटीच्या दारात थांबून पुन्हा गोळा होतात, त्यांना काही फरक पडत नव्हता. पहिल्या तिघांना थांबायची सवयच नाही. ती विस्कटलेली तशीच पुढे धावत होती. थेंब मात्र पोकळी असो नसो, मिनिटाला सातच पडणार होते. टिपकागदही कोरडाच राहणार होता.

एक वाजून आठ मिनिटांनी बाई मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात नळी होती.

"कॉलम चांगला आहे, मॅडम. चूक माझी आहे. जुन्या कॉलमची नळी तशीच लावली."

"खात्री आहे?"

"मोजलंय. एक मिलिमीटर कमी पडते."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता सुरू होईल?"

"दोन."

"लागा मग," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तक्रारीचं पत्र तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आलं होतं. दशांशने ते पुसलं आणि यंत्राच्या खोलीत येऊन दाराशी घुटमळत राहिला. बाई एका पत्र्याच्या डब्यातून नवी नळी, नवा नट आणि नवी कडी काढत होत्या. हे सामान त्यांनी तीन वर्षं चांगल्या दिवसासाठी जपलेलं होतं. दिवस चांगला नव्हता, पण डबा उघडला गेला.

"ताई, एक सांगू का? सकाळी मी लवकर येऊन बाहेर ॲप्रन चढवत होतो ना, तेव्हा दारातून बघितलं होतं मी. तुम्ही जुनीच नळी लावताना."

बाईंनी वर पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

"म्हणजे काय? तोंड नव्हतं तुला?"

"मागे गार्डची आठवण केली होती मी. एकशे नव्वदाव्या फेरीला."

"मग मी काय केलं?"

"तुम्ही म्हणालात, मला माहीत आहे."

बाईंनी नवा नट आणि कडी नळीवर चढवली. या खोलीत बाण तपासायला त्या होत्या, गळती तपासायला त्या होत्या, दुसऱ्यांच्या चुका पकडायला त्या होत्या, आणि त्यांचा नट तपासायला अकरा वर्षांत कुणी नव्हतं. कुणाला तपासावंसं वाटू नये अशी वेळ त्यांनी स्वतःच आणली होती, आणि तीही तीन शब्दांत. एवढ्यावर विचार करायला मात्र सवड नव्हती.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "हात धू आणि इकडे ये."

नळी आत सारली, तळाला टेकल्याचा इवलासा ठोका बोटाला लागला. एका हाताने ती तशीच आत दाबून धरत त्यांनी दुसऱ्या हाताने नट फिरवला. आधी बोटांनी घट्ट, मग पान्याने पाव फेरा. दाब सोडला की नळी केसभर मागे सरकते आणि पुन्हा तीच पोकळी, म्हणून ती दाबूनच धरायची. मग त्यांनी नट पुन्हा सोडवला, टोक भिंगाखाली दशांशसमोर धरलं आणि किती आहे ते विचारलं. तो पट्टी लावून म्हणाला, तीन दशांश शून्य. या वेळी त्याच्या दशांशाला कुणी हसलं नाही. नट परत लावला गेला, पंप हळू सुरू झाला, बाईंनी वाटी धरली. थेंब सात. या खेपेला त्यांनी ते मोजले, पण त्यांच्यावर विसंबल्या नाहीत.

दोन वाजून चार मिनिटांनी ठाऊक मापाचं मिश्रण आत गेलं. एक मिनिट चाळीस सेकंदांनी पडद्यावरची रेघ उठली, सरळ वर गेली आणि सरळ खाली आली. सुई. रुंदी शून्य दशांश शून्य सहा. मॅडम मागे येऊन उभ्या आहेत हे दोघांनाही तोवर कळलं नव्हतं. त्यांनी फक्त किती फेऱ्या उरल्या ते विचारलं. आठ, दशांश म्हणाला. एक कोरी, चार ठाऊक मापांच्या, स्वतः औषध घालून ठेवलेली घरची फरसबी एकदा आणि संस्थेची फरसबी दोनदा. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. सव्वादोनला सुरू झालं तर तीन त्रेचाळीसला संपेल.

त्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत बाईंना करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते त्यांना कधी जमलेलं नाही. त्यांनी खण आवरला. खिडकीतली पाचर काढून पुसून परत बसवली. डबा आठवला तेव्हा तो जिन्यातून आणला आणि उभ्या उभ्या संपवला. फोनवर यजमानांचे चार फोन येऊन गेले होते आणि एक निरोप होता: काय झालं, नळाची गोष्ट पुन्हा सांगू का.

घरच्या फरसबीत शंभर भाग औषध घातलं होतं, सत्त्याण्णव मिळाले. संस्थेच्या फरसबीचे दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले. दशांशने तक्ता भरला, मॅडमनी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहिला, आणि तीन चोपन्नला पान 'मिळालं' असं म्हणालं. पावतीचा क्रमांक दशांशने दोनदा लिहून घेतला.

इतर सगळे चहाला गेले. बाईंनी क्षार धुवायला लावला, मग द्रावक, मग बुचं, आणि प्रगतिपुस्तकात लिहिलं: चूक थेंबे यांची. जुनी नळी. कॉलमचा दोष नाही. वाचून पाहिलं आणि आधीच्या ओळीतला 'शांत' तसाच राहू दिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ खरोखरच कोरडा होता. बाईंनी त्याखाली बोट धरून पाहिलं, सवयीने. मग स्टुलावर बसून झाला प्रकार सांगितला, काही न लपवता. यजमान टॉवेलने हात पुसत ऐकत होते. भोक केवढं, ते त्यांनी विचारलं. केसाएवढं कळल्यावर पाना केवढा लागतो ते विचारलं. मग बराच वेळ त्यांनी टॉवेल तोंडावरून काढला नाही आणि त्यांचे खांदे हलत राहिले.

"साडेसहाला मला शिकवलंस," ते शेवटी म्हणाले, "आणि साडेसातला तेच करून बसलीस. मधल्या तासाभरात काय झालं तुला?"

"बसमध्ये होते."

"आणि माझा नळ तरी प्रामाणिक. चुकलं की रडतो."

"तुमच्या नळाचं कौतुक उद्या," बाई म्हणाल्या. "आधी न्हाणीघरातला बघा."

निकाल यायला सहा आठवडे लागले. संस्था प्रत्येक आकड्याला गुण देते. शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि दोनच्या आत असलं की पास. मेथामिडोफॉसला शून्य दशांश तीन मिळाले. दशांश तो आकडा दिवसभर ज्याला त्याला ऐकवत फिरला. दोन नंबरचं यंत्र हलवायचं पत्र रद्द झालं. रद्द झाल्याचं पत्र बाईंनी 'श्रीमती थेंबे' या नावाने सही करून घेतलं. विकणाऱ्याला काहीच कळवलं नाही. त्याला बिचाऱ्याला आपण एक दिवस आरोपी होतो याचा पत्ता नाही.

प्रगतिपुस्तकात तेव्हापासून एक रकाना वाढला आहे. नट आवळण्याआधी नळीचं टोक दुसऱ्याने बघायचं आणि त्याने सही करायची. रकाना बाईंनीच पट्टीने आखला, आणि आधीच्या पानांवर मागे जाऊन तो आखता येणार नाही याची त्यांना थोडी खंत आहे. नवा कॉलम आता घरचा झालाय. शेऱ्यांत बहुतेक 'शांत', एकदा 'पालकाने छळलं'. नऊशे नव्वदाव्या फेरीला दशांशने गार्डची आठवण केली. बाई "मला" एवढं म्हणाल्या, थांबल्या, आणि कधी लावूया ते त्यालाच विचारलं.

आज संध्याकाळी हजारावी फेरी झाली. दाब तीनशे चौदा. उद्या शुक्रवार, सकाळी सात चाळीसला पाचव्यांदा गार्ड बदलायचा आहे. नट बाई आवळतील. त्याआधी नळीचं टोक दशांश भिंगाखाली बघेल, आणि पानावर त्याची सही आधी असेल, बाईंची नंतर.